तीन भागांची खिडकी लहान पडद्यावर का विस्कटते

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी वाचनालयाच्या देवघेवीसाठी पायथॉन आणि टीकिंटरमध्ये (पायथॉनमधून खिडक्या-बटणं बनवण्याचा संच) प्रोग्रॅम लिहिलाय. डावीकडे विषयांची फांद्याफांद्यांची यादी, मध्ये पुस्तकांचा तक्ता, उजवीकडे निवडलेल्या पुस्तकाचा तपशील आणि तळाला 'द्या', 'परत घ्या', 'मुदत वाढवा' ही बटणं. घरच्या १९२० बाय १०८० पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं. वाचनालयातल्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर मात्र डावा भाग चिंबून जातो, बटणं दिसेनाशी होतात आणि तक्त्यातल्या अक्षरांचे उकार कापले जातात. टीटीकेच्या (टीकिंटरमधल्या नव्या घटकांच्या संचाच्या) पेन्डविंडोत, म्हणजे सरकत्या दुभाजकांनी भाग पाडलेल्या चौकटीत, तिन्ही भागांना १, ३, २ असं वेट दिलंय, सॅशपॉसने दुभाजकांच्या जागाही ठरवल्यात, तरी फरक पडत नाही.

ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. त्यांपैकी वेटचं दुखणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गैरसमजाचं, म्हणून आधी ते घेऊ.

१, ३, २ असं वेट लिहिलं की आपण मनात धरतो, रुंदीचे सहा वाटे झाले. तसं होत नाही. टीके (टीकिंटरच्या पोटातलं मूळ साधन) आधी प्रत्येक भागाला विचारतं, तुला किती जागा हवी? तिघांच्या मागण्यांची बेरीज करून ती खिडकीच्या रुंदीशी ताडून बघतं. जे उरेल किंवा जे कमी पडेल, तेवढंच वेटच्या प्रमाणात वाटतं. मूळ मागणीला वेट हात लावत नाही. ग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-कॉलमांच्या खान्यांत वस्तू मांडण्याच्या पद्धतीत, कॉलमकॉन्फिगरला दिलेलं वेटही असंच वागतं.

आता तुमच्या तीन भागांनी काय मागितलंय ते बघा. डावी यादी आणि मधला तक्ता ट्रीव्ह्यू या घटकाचे; त्याच्या प्रत्येक कॉलमची ठरलेली रुंदी २०० पिक्सेल असते. दाखलअंक, नाव, लेखक, भाषा, कपाट, स्थिती असे सहा कॉलम म्हणजे १२०० पिक्सेल. (शो या पर्यायात फक्त 'हेडिंग्ज' लिहिलं नसेल तर शून्याव्या कॉलमचे आणखी २०० धरा. तक्त्याच्या डाव्या अंगाला कारण नसताना मोकळा पट्टा दिसतो, तो हाच.) डाव्या यादीचा एकच कॉलम, २००. उजवीकडे टेक्स्ट, म्हणजे मजकुराचा चौकोन आहे. काही न सांगता ठेवलेलं टेक्स्ट ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच असतं. विंडोजवर ९६ डीपीआयला (इंचाला ९६ पिक्सेल) त्याच्या डिफॉल्ट फॉन्टचं एक अक्षर ८ पिक्सेलचं, म्हणजे ६४०. दुभाजकांची जाडी आणि कडा सोडून एकूण मागणी २०४०.

घरच्या १९२० च्या पडद्यावरसुद्धा १२० पिक्सेल कमीच पडत होते. ते १, ३, २ प्रमाणात कापले गेले, २०, ६० आणि ४०. डावा भाग १८० चा राहिला, कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. १३६६ वर तूट झाली ६७४. सहा वाटे केले की डाव्याच्या अंगावर ११२ येतात आणि त्याच्याकडे उरतात ८८. मधल्याला ८६३, उजव्याला ४१५. 'ललित', 'चरित्र', 'बालवाङ्मय' असे शब्द, त्यांच्या आधी फांदी उघडण्याचं चिन्ह आणि आत सरकवलेली जागा, हे सगळं ८८ पिक्सेलमध्ये बसायचं नाही. पेन्डविंडोने हिशेब चोख केलाय. मागणीच फुगवून सांगितली होती.

म्हणून आधी मागण्या खऱ्या करा. दाखलअंक ७०, नाव २२०, लेखक १५०, भाषा ६०, कपाट ६०, स्थिती ७०. बेरीज ६३०. नाव आणि लेखक या दोनच कॉलमांना स्ट्रेच चालू ठेवा, बाकीच्यांचा बंद करा. दाखलअंक रुंद होऊन कुणाचं भलं होत नाही. नाव आणि लेखकाला मिनविड्थही द्या, १४० आणि १०० वगैरे. नाहीतर ती २० वर असते आणि लेखकाच्या नावाचं एकच अक्षर शिल्लक राहतं.

उजव्या भागाची रुंदी टेक्स्टच्या विड्थने ठरवू नका. ती विड्थ फॉन्टमधल्या शून्याच्या अंकाच्या पटीत मोजली जाते, देवनागरी मजकुराशी तिचा काही संबंध नाही. टेक्स्टला विड्थ १ आणि हाइट १ द्या, एका फ्रेममध्ये सगळ्या बाजूंनी चिकटवून ठेवा आणि त्या फ्रेमला रुंदी २९०, उंची ४०० अशी सरळ पिक्सेलमध्ये सांगा. मात्र फ्रेमचं ग्रिड प्रॉपगेट बंद करायला विसरायचं नाही. फ्रेमचा स्वभाव असा की आत पोरं, म्हणजे आतले घटक आले की ती स्वतःची सांगितलेली मापं सोडून पोरांच्या मापाची होते. 'विड्थ लिहिली पण चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

डाव्या यादीचा कॉलम १८० चा ठेवा. आता मागणी झाली १८० अधिक ६३० अधिक २९०, म्हणजे ११००. वेट ०, ३, १ करा. १३६६ वर २६६ उरतात. त्यांतले दोनशेएक मधल्याला, सहासष्ट उजव्याला, आणि डावा १८० वर ठाम. डाव्याला शून्य देण्याचं कारण साधं आहे. विषयांची नावं पडदा मोठा झाला म्हणून लांब होत नाहीत. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या जागच्या हलत नाहीत, खुर्च्या-टेबलं सरकतात. इथेही कोण हलेल आणि कोण नाही हे आधी ठरवावं, आकडे नंतर लिहावेत.

दुसरं दुखणं बटणांचं. तुम्ही बहुधा आधी पेन्डविंडो पॅक केलीत (पॅक म्हणजे वस्तू एकामागून एक रचण्याची पद्धत), फिल दोन्हीकडे, एक्सपांड चालू, आणि मग बटणांची पट्टी. पॅक पंगतीसारखं चालतं. आधी बसला त्याला आधी वाढलं जातं, भात संपला तर शेवटच्याचं पान रिकामं. उंची कमी पडली की शेवटी पॅक केलेली पट्टी पहिली उपाशी राहते. ७६८ मधून टास्कबार, टायटल बार आणि मेनू वजा करा, सातशेच्या आतच राहतं. उपाय एका ओळीचा: पट्टी आधी पॅक करा, साइड बॉटम देऊन, आणि पेन्डविंडो सगळ्यात शेवटी. पडद्यावर ती वरच दिसेल. पॅक करण्याचा क्रम आणि दिसण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुख्य खिडकीसाठी मात्र ग्रिड बरं. ओळ ० मध्ये शोधपट्टी, ओळ १ मध्ये पेन्डविंडो, ओळ २ मध्ये बटणं. वेट फक्त ओळ १ ला आणि कॉलम ० ला, प्रत्येकी १. तूट आली तरी ती वेट असलेल्या ओळीतूनच कापली जाते, बटणांना धक्का लागत नाही. वेट लिहिलंत पण स्टिकीत (वस्तू खान्याच्या कोणत्या कडांना चिकटवायची तो पर्याय) चारही दिशा दिल्या नाहीत तर खाना वाढतो आणि आतली वस्तू मध्यभागी तेवढीच राहते. उलट स्टिकी दिलं पण वेट कुठेच नाही, तर सगळा पसारा खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतो. खिडकी कशी बिघडलीय यावरूनच दोन्हींपैकी काय राहिलं ते ओळखता येतं.

एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड दोन्ही वापरू नका. टीके ८.५ पर्यंत प्रोग्रॅम गप्प गोठून बसायचा, ८.६ पासून निदान स्पष्ट एरर येतो. वेगवेगळ्या फ्रेममध्ये वेगवेगळं वापरायला काहीच हरकत नाही. खिडकीत ग्रिड आणि बटणांच्या पट्टीत पॅक, ही जोडी छान जमते.

आता सॅशपॉस. टीके दुभाजकाला सॅश म्हणतं. सॅशपॉसला दिलेला आकडा शून्य ते पेन्डविंडोची सध्याची रुंदी, एवढ्यातच बसवला जातो. खिडकी अजून पडद्यावर आलेलीच नसते तेव्हा ही रुंदी १ पिक्सेल असते. त्या क्षणी २४० लिहा नाहीतर ९०० लिहा, तो गुपचूप एकावर आणला जातो आणि नंतर मागण्यांचा हिशेब त्याच्यावरून फिरतो. एरर येत नाही, म्हणून माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. बरेच जण आफ्टरमध्ये ५०० मिलिसेकंद टाकून वेळ मारून नेतात. जलद मशीनवर त्यामुळे खिडकी उघडल्यावर डोळ्यांदेखत दुभाजक उडी मारतो, आणि मंद लॅपटॉपवर ५०० ही पुरत नाहीत. पेन्डविंडोवर कॉन्फिगर हा इव्हेंट (माप बदललं की येणारी सूचना) बांधा. त्यात आलेली रुंदी ३०० च्या वर गेली की बांधणी सोडा आणि आफ्टर आयडलमधून सॅशपॉस लावा. खिडकी झूम्ड (पूर्ण पसरलेल्या) अवस्थेत उघडत असाल तर झूम्ड आधी लावून घ्या, नाहीतर लहान खिडकीच्या मापाने दुभाजक बसतो आणि मग खिडकी पसरते.

माणसाने सरकवलेली जागा पुढच्या वेळी जशीच्या तशी हवी असेल तर पिक्सेल साठवू नका. बंद करताना डब्ल्यूएम डिलीट विंडोच्या वेळी दोन्ही सॅशपॉस वाचा, पेन्डविंडोच्या रुंदीने भागा आणि ०.१४, ०.७५ असे अपूर्णांक जेसॉन फाइलमध्ये ठेवा. तीच फाइल मोठ्या पडद्यावर उघडली तरी दुभाजक योग्य ठिकाणी येतात. वाचताना ०.०५ ते ०.९५ च्या बाहेरचा आकडा आला तर तो टाकून ठरलेला वापरा. कुणीतरी कधीतरी भाग पूर्ण मिटवून प्रोग्रॅम बंद करतंच.

आणि तो मिटवता येतो, कारण टीटीकेच्या पेन्डविंडोत भागाला वेट एवढा एकच पर्याय आहे. किमान रुंदी सांगायची सोयच नाही. वर आणखी एक खोच: रुंदी शून्य झालेल्या भागाला नंतर वेटचा वाटा मिळत नाही. खिडकी कितीही ताणा, तो भाग शून्यावरच राहतो, पुन्हा हातानेच ओढून काढावा लागतो. काउंटरवर बसणाऱ्याला हे कळणार नाही, 'विषय उडाले' एवढंच तो सांगेल.

म्हणून या कामाला मी टीटीकेची पेन्डविंडो वापरणार नाही, टीकेची जुनी वापरेन. ती टीके ८.४ मध्ये, २००२ साली आली, टीटीके ८.५ बरोबर, २००७ साली आलं. नवीन म्हणजे सगळ्याच बाबतीत सरस असं नाही. जुनीत प्रत्येक भागाला मिनसाइझ देता येते: डाव्याला १४०, मधल्याला ४००, उजव्याला २२०. वेट नाही, त्याच्या जागी स्ट्रेच आहे. डाव्याला 'नेव्हर', मधल्या-उजव्याला 'ऑल्वेज' लिहा. उरलेली जागा त्या दोघांत त्यांच्या चालू रुंदीच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणजे इथे ६३० ला २९०. ठरलेला स्ट्रेच 'लास्ट' असतो, म्हणून काही न लिहिल्यास सगळी वाढ उजव्या तपशिलाला जाते आणि तक्ता बापडा तिथल्या तिथे. हाइड हा पर्यायही कामाचा आहे: एखाद्या कळीवर, समजा एफ४ वर, उजवा भाग लपवायचा आणि परत आणायचा. टीटीकेत यासाठी फर्गेट करून पुन्हा ॲड करावं लागतं, आणि वेट व दुभाजकाची जागा आपणच जपून ठेवावी लागते.

शिवाय दुभाजक दिसायला हवा. विंडोजवर टीटीकेचा दुभाजक पार्श्वभूमीत पूर्ण मिसळून जातो, कर्सर त्यावर नेल्याशिवाय तिथे काही आहे हेच कळत नाही. जुन्या पेन्डविंडोला सॅशविड्थ ६ आणि बॅकग्राउंड फिकट राखाडी द्या. दुभाजकातून मागचा तोच रंग दिसतो. टीटीकेवरच ठाम असाल तर स्टाइलमध्ये 'सॅश' या नावाखाली सॅशथिकनेस ८ करून पकडायला निदान जागा तरी करा.

बटणांच्या पट्टीला दुभाजक लावू नका. 'द्या' बटणाची उंची कुणाला कमी-जास्त करायची नसते. जिथे एका माणसाला जास्त आणि दुसऱ्याला कमी जागा लागेल तिथेच सरकता दुभाजक, एरवी टीटीकेचा सेपरेटर पुरे. सेपरेटरला आडवं ताणलं नाही, म्हणजे ग्रिडमध्ये स्टिकी पूर्व-पश्चिम किंवा पॅकमध्ये फिल एक्स दिलं नाही, तर तो ठिपक्याएवढा उरतो आणि 'रेघ येतच नाही' असं वाटतं.

कापलेल्या उकारांकडे येऊ. ट्रीव्ह्यूच्या ओळीची उंची ८.६ मध्ये ठोक २० पिक्सेल असते, फॉन्ट कोणताही असो. इंग्रजीला नऊ पॉइंटमध्ये ती चालून जाते. 'शृंगार', 'कृष्णाकाठ', 'पूर्वरंग' यांत वर रफार आणि अनुस्वार, खाली ऋकार आणि उकार. अक्षर थोडं मोठं केलं की दोन्ही टोकं कापली जातात. उपाय: फॉन्टच्या मेट्रिक्समधून लाइनस्पेस घ्या, त्यात ६ मिळवा आणि 'ट्रीव्ह्यू' स्टाइलच्या रोहाइटला तो आकडा द्या. पण मोजताना योग्य फॉन्ट मोजा. विंडोजवर टीके डिफॉल्ट फॉन्ट म्हणजे सेगो यूआय. त्यात देवनागरी नाही, म्हणून विंडोज ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतं, आणि तुम्ही मोजलेली लाइनस्पेस मात्र सेगोची असते. फॉन्ट उघड सांगा: निर्मला यूआय, ११ पॉइंट. त्यात देवनागरी आणि गुजराती दोन्ही आहेत, आणि बडोद्याच्या वाचनालयात गुजराती पुस्तकं असणारच. एकाच तक्त्यात दोन्ही लिप्या सारख्या उंचीच्या दिसतात. नेमटूफॉन्टने टीके डिफॉल्ट फॉन्ट, टीके टेक्स्ट फॉन्ट आणि टीके हेडिंग फॉन्ट हे तिन्ही बदला. पहिलाच बदललात तर शोधपट्टीत टाइप केलेलं आणि तक्त्याची मथळ्याची ओळ वेगळ्याच अक्षरात राहते. टेक्स्टला फॉन्ट वेगळा द्यावा लागतो, तो टीके फिक्स्ड फॉन्ट वापरतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण ती उद्या येणारच. त्या लॅपटॉपवर कुणीतरी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून विंडोजचं स्केल १२५ टक्के करेल. प्रोग्रॅमने आपण डीपीआय जाणतो असं सांगितलं नसेल, तर विंडोज सगळी खिडकी फोटोसारखी ताणून दाखवतं आणि मजकूर पुसट होतो. सीटाइप्समधून (पायथॉनमधून विंडोजची फंक्शन्स बोलावण्याची सोय) एसएचकोअरच्या सेट प्रोसेस डीपीआय अवेअरनेसला १ द्या, तेही टीके ची खिडकी तयार करण्याच्या आधी. आयडलमधून (पायथॉनबरोबर येणाऱ्या संपादकातून) चालवल्यावर स्वच्छ आणि आयकॉनवर डबल क्लिक केल्यावर धूसर असा अनुभव येत असेल तर कारण हेच. आयडल स्वतःसाठी ही तजवीज करतं.

हे केलं की पॉइंटमध्ये दिलेले फॉन्ट सव्वापट होतात, पण तुमचे ७०, २२०, १८०, २९० हे पिक्सेल जागचे हलत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच विन्फो एफपिक्सेल्सला एक इंच किती पिक्सेलचा ते विचारा, ९६ ने भागा, आणि प्रत्येक रुंदी, मिनसाइझ, पॅडिंग त्या गुणकाने गुणून लिहा. १२५ टक्क्यांना गुणक १.२५, ११०० ची मागणी १३७५ होते, १३६६ हून नऊच जास्त. ती तूट मधला आणि उजवा आपसांत भागवतात, डावा २२५ वर शाबूत. १५० टक्क्यांना १६५० होते आणि २८४ ची तूट येते. तीही खपते, पण कॉलम दाटीचे होतात. एफ४ ची सोय तेव्हा उपयोगी पडते.

उजव्या तपशिलात टेक्स्टऐवजी लेबलं वापरायची असतील तर दोन कॉलमांचं ग्रिड करा: डावीकडे 'लेखक', 'प्रकाशक', 'किंमत' वेट शून्याने, उजवीकडे मूल्यं वेट १ ने. लांब नाव लेबल आपणहून मोडत नाही. रॅपलेंथ पिक्सेलमध्ये द्यावी लागते, आणि भाग सरकला की ती जुनीच राहते. भागाच्या कॉन्फिगर इव्हेंटवर रॅपलेंथ नवी करा, लेबलाच्या कॉलमची रुंदी वजा करून. फ्रेमचं प्रॉपगेट बंद असेल तरच हे करा. नाहीतर रॅपलेंथ बदलली की मागणी बदलते, मागणी बदलली की पुन्हा कॉन्फिगर येतो आणि खिडकी थरथरत राहते.

इतकं करूनही काही बिघडलंच तर अंदाज बांधत बसू नका. प्रत्येक भागाचे विन्फो रेकविड्थ आणि विन्फो विड्थ शेजारी शेजारी छापा. पहिला म्हणजे त्याने मागितलेलं, दुसरा म्हणजे त्याला मिळालेलं. मागणी १२०० आणि मिळाले ८६३ असं दिसलं की दोषी कोण ते विचारावं लागत नाही. तेवढ्यापुरत्या फ्रेम टीटीकेच्या ऐवजी साध्या टीकेच्या करून एकीला पिवळा, एकीला गुलाबी, एकीला निळा बॅकग्राउंड द्या. टीटीकेच्या फ्रेमला हा पर्याय चालत नाही, लगेच एरर येतो. रंग दिसले की फ्रेम वाढतेय आणि आतली वस्तू वाढत नाही, की फ्रेमच वाढत नाही, हे डोळ्यांनीच कळतं.

वाचनालयात नेण्याआधी घरच्याच पडद्याचं रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ करा, स्केल १२५ करा, साइन आउट करून परत या आणि मग प्रोग्रॅम उघडा. तक्त्यात मुद्दाम साठेक अक्षरांचं शीर्षक, दोन लेखकांची नावं असलेलं एक पुस्तक आणि एक गुजराती नोंद टाका. दोन्ही दुभाजक टोकापर्यंत ओढून बघा, खिडकी हाताने लहान करा, आणि ती बटणांवर येण्याआधी जिथे थांबावी असं वाटेल ती रुंदी-उंची मुख्य खिडकीच्या मिनसाइझमध्ये लिहून टाका.